शेवटचा नळ

पहाटे चारला तांडापेठेत नळ येतो.
त्याआधी पाइपात हवा खोकते,
मग गल्लीभर बादल्या, ड्रम, गुंडांचे आवाज.

माझ्या झोळीत एक काचेची नळी,
ड्रॉपरची बाटली, झोनचं रजिस्टर
आणि बायकोनं बांधून दिलेली रात्रीची पोळी.

पाणी घ्यायचं बोटभर. थेंब टाकायचे दोन. हलवायचं.
पिवळं झालं तर बरं.
"काय भौ, पाण्याले कावीळ झाली का?"
रमाकांत सोरते दर वेळी हाच विनोद करतो
आणि मी दर वेळी सांगतो,
पाण्याले झाली का माणसाले होत नाही.

पाणी पेंचहून निघतं. दमत दमत येतं.
पहिल्या घरी हळदीसारखं,
दहाव्या घरी लिंबाच्या सालीसारखं,
तिसाव्या घरी नळी
बल्बसमोर धरून पाहावी लागते.

शेवटचा नळ सगुणा नंदनवारचा.
दीड हात खड्ड्यात, शेजारून नाली.
खड्ड्यात उतरते तिची आचल,
वाटीवाटीनं गुंड भरते सहापर्यंत,
आणि पहिल्या तासाला बाकावर झोपते.
मास्तर समजतात, पोरगी मठ्ठ आहे.

दोन मे महिन्यांमागची गोष्ट.
थेंब टाकले, हलवलं,
पाणी होतं तसंच राहिलं.
साहेब फोनवर म्हणाले,
"पॉइंट दोन लिहून टाक ना बावा,
लाइन दुरुस्त होऊनच राहिली."
मी लिहिलं.
अक्षर चांगलं आहे माझं.

महिन्याभरात मेयोत अकरा जण.
एका खाटेवर दोन-दोन.
जो रंग माझ्या नळीत यायला हवा होता
तो आचलच्या डोळ्यांत आला होता.
मला पाहून म्हणाली,
"काका, पिवळी झाली म्हणजे
मी चांगली झाली ना?"

मी काय बोललो ते आठवत नाही.
खालच्या टपरीवर चहा सांगितला
आणि तो तिथंच ठेवून आलो.

ती वाचली. एक वर्ष मागे राहिली.

यंदा एक मॅडम आल्या टॅब घेऊन,
देशाच्या तब्येतीची पाहणी करायला.
उंची, वजन, बोट टोचून रक्ताचा थेंब.
पाणी कुठून येतं?
नळातून.
टिक.
मी म्हटलं, मॅडम, हेही लिहा,
खड्ड्यात कोण उतरतं,
फोन कोणाचा येतो,
खोटा आकडा कोणाच्या अक्षरात आहे.
बाई चांगली होती, ओशाळली.
म्हणाली, तसा रकाना नाही हो.
सगुणानं घासून लख्ख केलेल्या पेल्यात
पाणी आणून ठेवलं.
मॅडमनी पेल्याकडे पाहिलं,
मग पर्समधून स्वतःची बाटली काढली.
सगुणानं पेला उचलून तुळशीत ओतला,
कोणाला काही न बोलता.

आपल्या गावात शून्याचा एक दगड आहे.
म्हणतात, तिथून एकेकाळी
लांबलांबच्या गावांची अंतरं मोजत.
पाहुणे आले की आपण त्यांना नेतो,
फोटो काढतो.
माझंही एक शून्य आहे आता,
निळ्या शाईचं, रजिस्टरात,
सोळा तारखेसमोर.
त्याच्यापायी 'कारणे दाखवा' आली.
चार दिवस खिशात आहे, घामानं मऊ झाली.
काय कारण दाखवू, बायकोला विचारलं.
ती म्हणाली, आधी पोळी खाऊन घ्या.

आज परत चार वाजले.
हवा खोकली.
खड्ड्यातून आचलनं वाटी वर केली.
"काका, आज?"

दोन थेंब टाकले. हलवलं.
लाइट गेलेले, मोबाइलच्या उजेडात
सगळंच पांढरं दिसतं.
म्हटलं, थांब बाई,
भरू नको अजून.
जराक उजाडू दे.