पुसलेल्या ओळीचं नाव

क्लाइपेदाच्या बंदरात, धान्याच्या कचेरीत
आमचा प्रोग्रॅम अकरा टेबलांवर चालतो
आणि बाराव्यावर पडतो.

पडतो म्हणजे खिडकी पांढरी होते,
बोलता बोलता शब्द विसरल्यासारखी थांबते,
आणि मिटते. मागे उरते एक फाइल,
तिच्यात आकड्यांचा ढीग, आणि तळाशी एवढंच
की जी जागा आपली नाही तिथे कोणीतरी हात घातला.

माझ्या यंत्रावर मी दोनशे वेळा
यादीतली ओळ निवडली, ओळ पुसली.
दोनशे वेळा यादी मुकाट सरकली वर.
रिमविदस म्हणाला, मेमरी बदल. बदलली.
माऊस बदलला. खिडक्यांचे रंगसुद्धा बदलून पाहिले.
बाईंचंच काहीतरी चुकत असेल, असंही कोणी म्हणालं.
ते मी वहीत लिहिलं नाही,
पण खोडूनही काढलं नाही मनातून.

मार्चातल्या एका गुरुवारी स्वतः गेलो.
दांगुओलेबाईंच्या शेजारी खुर्ची ओढली.
स्क्रीन काळा.
बंद पडलाय का, विचारलं.
"नाही, लावतच नाही मी," त्या म्हणाल्या,
आणि माझ्यासाठी चाचपून बटण दाबलं.

चार वर्षं मी त्यांच्या तक्रारी वाचत होतो.

त्यांच्या कानात एक आवाज ओळी वाचतो,
इतका भरभर, की मला नुसती
पत्र्यावर गहू ओतल्यासारखी सरसर.
"जहाज गेलं की ओळ पुसते," त्या म्हणाल्या,
"आणि नेमका तेव्हाच हा मरतो."

तर ते असं होतं.
बोट कळीवर पडतं, ओळ जाते,
तिची जागा झाडूनपुसून दुसऱ्याला दिलीही जाते,
आणि मग, पापणी लवायच्या आत,
तो वाचणारा येऊन अदबीनं विचारतो,
आत्ता इथे होती, तिचं नाव काय?

बाकी अकरा टेबलांवर
हे विचारायला कोणी येतच नाही.

दुरुस्ती चार ओळींची.
ओळ निघाली की आधी त्याला कळवायचं,
तो हं म्हणेपर्यंत तिला धरून ठेवायचं,
मग सोडायचं.
रिमविदस फोनवर हसला. एवढंच? महिनाभर?

बाईंनी कळ दाबली. 'स्मिल्ते', राई, चारशे टन.
गेली. खिडकी उभी.
मग 'उंडिने'. मग आणखी एक, आणखी एक.
यादीत एकोणीस जहाजं होती,
कधीच डेन्मार्कला पोचलेली, रिकामी झालेली,
प्रोग्रॅम पडेल म्हणून महिनाभर
त्यांनी धक्क्याला बांधून ठेवलेली.

शेवटची पुसून त्यांनी इयरफोन काढला.
बाहेर क्रेन फिरत होती. मी वायर गुंडाळत होतो.
"तुझं बघून झालं असेल," त्या म्हणाल्या,
"तर हा स्क्रीन बंद करते. उगाच वीज जळते."