वाळूखालची घंटा

लिएपायात डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो.
ट्राम डेपोत लावून, हातमोजे रेडिएटरवर वाळत टाकून
मी खेळायला बसतो.
तोच जुना खेळ, 'वाळूखालची घंटा',
आला तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही
आणि दुकानांतून गेला तेव्हाही.

आधी वाईट सांगून टाकतो, मागाहून वाद नको.
घोडा छपरावर चढतो आणि उतरायचं नाव घेत नाही.
मासे कधीकधी पाण्याच्या हातभर वर पोहतात,
पाणी कुठे संपतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.
बटण दाबून तलवार उपसेपर्यंत
लांडगा जेवून हात धुऊन मोकळा.
तिसऱ्या प्रकरणातल्या गढीचा दरवाजा उघडत नाही:
किल्ली आहे, कुलूप आहे,
दोघांची ओळख तेवढी करून द्यायची राहिली.
एकदा चाळीस तासांचा खेळ जतन करताना गोठला,
तेव्हा खिडकी उघडून मी समुद्राला शिव्या घातल्या.
समुद्राचा काय दोष?

आणि आवाज. गावात एकवीस बायका, आवाज एकच.
पाववाली, चेटकीण, राणी, राणीला विष देणारी दासी,
सगळ्या वाक्याआधी जरासं खोकतात.
राणी दासीवर ओरडते
तेव्हा रिकाम्या घरात एक बाई
एकटीच स्वतःशी भांडतेय असं वाटतं.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसता हसता माझा चहा सांडला होता.

पण वाळू!
आपण झोपलो की ती बोटभर वर येते.
आधी उंबरा जातो, मग बाक,
मग एके सकाळी खिडकीतून घरात शिरावं लागतं,
आणि गावातलं कुणीच त्याबद्दल बोलत नाही.
संगीत नाही. नुसता वारा.
हा वारा इथलाच, उत्तरेकडच्या पडक्या तटबंदीमागचा,
एका ठिकाणी त्यात ट्रामची घंटा ऐकू येते.
मी शपथेवर सांगतो, माझ्याच मार्गावरची.

आणि तो नावाडी.
त्याला सहज म्हणालो, उद्या येतो,
आणि आठवडाभर फिरकलो नाही.
रागावला नाही, गुण कापले नाहीत,
कुठल्या वहीत नोंदही नाही, मी शोधली.
फक्त नावेत दोन वाट्या मांडलेल्या.
एकीतलं सूप गार.

गेल्या मंगळवारी एव्हाल्ड्स माझ्या ट्राममध्ये चढला.
शाळेच्या तळघरात ज्या तिघांनी हा खेळ केला त्यांतला एक.
बाकीचे दोघे आयर्लंडला, मशरूमच्या शेडमध्ये.
म्हटलं, गढीच्या आत काय होतं रे?
म्हणाला, काही नाही. पैसे संपले.
आणि त्या बायका?
आई, म्हणाला.
मासे डबाबंद करायच्या कारखान्यातून सुटली
की कपाटात बसायची, कोटांच्या मधोमध,
म्हणजे घुमायचं नाही.
पानं वाचायची, राणीचं आधी.
खोकला लिहिलेला नव्हता.

हातात कार्नेशनची फुलं होती.
मी आरशातून मोजली. सहा.
आमच्याकडे जिवंत माणसाला
सम संख्येत फुलं देत नाहीत.
मी घंटा वाजवली, दार उघडलं.
माझ्या दाराला निदान तेवढं जमतं.

रात्री गावात गेलो. तलवार म्यानातच.
पाववाली दारात उभी. खोकली.
"गरम आहे अजून, सावकाश खा."
हे वाक्य मी दोनशेदा तरी पुढे ढकललं असेल.

मग चेटकिणीकडे गेलो, मग विहिरीवरच्या म्हातारीकडे,
मग राणीकडे. दासीकडे सगळ्यांत शेवटी;
विष दिल्यावर ती एकदा क्षमा मागते,
फार हळू. कोटांमुळे असेल.

आता पहाटेचे तीन. पाचची पहिली ट्राम माझी.
खेळातला माझा माणूस केव्हाचा जांभया देतोय,
त्याला झोपवलेलं नाही.
उंबरा अजून दिसतो आहे.
छपरावर घोडा आहे. असू दे.