दार

हॅलव्हॉरने टपालाने घर मागवलं.
त्या काळी मिळायचं तसं. कॅटलॉगच्या चौसष्टाव्या पानावर
दोन खोल्या, पुढे पडवी,
तुळया, खिळे, खिडक्यांच्या काचा, सगळं मोजून,
क्रमांक घालून रेल्वेने येणारं.
त्याच्याकडे पैसे होते फक्त दाराचे.

म्हणून दार आलं.
टॉपेनिशच्या स्टेशनापासून आठ मैल
पाठीवर बांधून आणलं त्याने,
आणि आम्ही, हॉप्सच्या मळ्यातले बारा जण,
ताटल्या हातात धरून बघत राहिलो.
दुरून वाटलं, एक दार आपल्या पायांनी चालत येतंय.

हसलो. का नाही हसायचं?
बारा गावचं पाणी प्यालेली माणसं आम्ही,
वळकटी बांधली की आमचं घर आवरून झालं.
युस्टस म्हणाला, आत ये हॅलव्हॉर, बाहेर गारठा आहे.
मुकादम क्रेब्सने विचारलं, दाराचं भाडं कोण भरणार?
तो काही बोलला नाही. बराकीमागे
दोन खांबांमध्ये दार उभं केलं,
बिजागऱ्यांना तेल घातलं,
आणि पलीकडे, गवतात, अंथरूण टाकलं.

दिवसा वेलींखाली आम्ही पुष्कळ बोलायचो.
अठरा फुटी दोऱ्यांवर चढलेली ती कडू फुलं,
बोटांना पिवळी पूड, पावालाही तीच चव.
बोलायचो म्हणजे पोत्यांचं वजन, फाटके बूट,
पुढच्या महिन्यात सफरचंदं कुठे.
रात्री बारा खाटा, बारा पाठी.
मी सात वर्षं फिरत होतो,
आणि हाक मारणाऱ्यांना माझी फक्त टोपी ठाऊक होती:
ए टोपीवाल्या.

सप्टेंबरातल्या एका रात्री
लघवीला उठलो, तर दारापाशी युस्टस.
तोच, हसणारा. गवताला पाय पुसत होता.
मग त्याने टकटक केली, हळू,
उशिरा घरी आलेला माणूस करतो तशी.
काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही.
परतताना माझ्या अगदी जवळून गेला
आणि मी दिसलोच नाही असं दाखवलं त्याने.

मग मी गेलो.
वाजवलं.
आतून (आत कसलं, पलीकडून) आवाज आला:
कोण?
एवढंच. झोपाळलेला, जरा वैतागलेलाच.
आणि मला चटकन आठवेना.
ऑरिन, म्हणालो. ऑरिन आहे.
कडी नाही, तो म्हणाला, ढकल.

मी ढकललं नाही.
पलीकडे काय असणार? तेच गवत, तेच तारे,
एक पालथा पडलेला बूट.
माहीत होतं मला. म्हणूनच नाही ढकललं.

फुलं संपली. वेनॅचीला जाणारा ट्रक आला.
ड्रायव्हर म्हणाला, माणूस नाहीतर दार, दोन्ही नाही.
हॅलव्हॉर बराच वेळ
ट्रकच्या फळीवर एक पाय ठेवून उभा होता.
मग खाली उतरला, पितळी मूठ तेवढी काढून घेतली,
कोटाच्या खिशात टाकली. कोट एका बाजूने ओघळला.
नंतर तो मला कुठल्याच मळ्यात दिसला नाही.

पुढच्या ऑगस्टात परत आलो
तर क्रेब्सने ते दार पाटावर आडवं टाकलेलं.
पूल. ढकलगाड्या जायच्या यायच्या त्यावरून,
मुठीच्या भोकातून खालचं पाणी दिसायचं.
पहिल्या दिवशी मी वळसा घालून गेलो.
दुसऱ्या दिवशी खांद्यावर पोतं होतं, गेलो वरूनच.
मधोमध थांबलो, वाकलो,
आणि बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं.

काय पडलं रे? काठावरून क्रेब्स ओरडला.
मी पोतं सरळ केलं.
मागे गाडी अडली होती.