बिजागरी

म्वान्झात, सरोवराकडून वर येणाऱ्या चढावर
लुगेंबेचं पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान.
पत्रा वाकवायचं यंत्र आमच्याच संस्थेनं दिलेलं.
अहवालात मीच लिहिलं होतं:
कसब कमी, भांडवल कमी, अवजारं जुनी.
तीन वर्षांनी गेलो
तर यंत्राच्या जबड्यात कोंबडी बसलेली,
तिच्याखाली दोन अंडी.

‘बिघडलंय का?’
‘छे. त्याला कुणी काही विचारलंच नाही.’

कापसाचा भाव पडला त्या साली
बापांनी थोरल्यांच्या ट्रंका धाकट्यांना दिल्या,
एक नाव खरवडून दुसरं रंगवलं.
लुगेंबेचा भाऊ मलीमी,
ज्याच्या हातची कड बोट फिरवूनही कळायची नाही,
मोटरसायकलवर माणसं सोडू लागला.
पत्रा गंजतो ते दिसतं तरी.

मग टेकडीपलीकडे मुलींची शाळा निघाली, वसतिगृहाची.
मुख्याध्यापिका काबुला आल्या,
छत्रीच्या टोकानं धुळीत आकडा काढला:
दोनशे चाळीस.
लुगेंबेनं आकड्याकडे पाहिलं,
मग कोंबडीकडे.

पहिल्या ट्रंकेला अख्खा दिवस गेला.
तिसावीला अर्धा.
शंभरावी बोलता बोलता झाली,
आणि त्या बोलण्यातच कुणाला तरी सुचलं
की बिजागरी आतून वळवली तर एक रिवेट वाचते.
हे मी वाटलेल्या पुस्तिकेत नव्हतं.
ते एकशे तिसाव्या ट्रंकेत होतं,
आणि तिथवर जाणं भाग होतं.

पुतणी मिन्झा शेजारी नुसत्या बिजागऱ्याच करू लागली.
दुपारी तिची चार पोरं मासे खायला जायची,
मासेवालीला तेल जास्त लागू लागलं,
आणि तेलवाल्याच्या मुलीला
नव्या सत्रात, हट्टानं,
निळी ट्रंक.

शाळा भरली. काम संपलं.
मी वही उघडून बसलो: आता?
मिन्झाच्या बिजागऱ्या आता दारांना लागतात,
बसच्या टपावरून पार गेइटापर्यंत जातात.
मलीमी एकदा आला. कड वाकवून पाहिली.
बोट कापलं. हसला,
गाडीची किल्ली फिरवली.

मागणी येते, जाते; तिचा माग राहतो.
न आलेल्या मागणीचाही.

रात्री जुना अहवाल काढला,
‘कसब कमी’ खोडलं.
काय लिहावं ते सुचेना.
बाहेर अंधारात कोंबडी
अंड्यांसाठी नवी जागा शोधत होती.