पंखा बंद

ऐकताना पंखा बंद, हा पहिला नियम.
घणसोली गावठाणात, शिवणक्लासच्या वरच्या खोलीत
महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आम्ही सात जण
घाम पुसत एकमेकांचं संगीत ऐकतो.
दुसरा नियम कुंदाबाई वैतींनी खडूने लिहिलाय
मापांच्या फळ्यावर, छाती-कंबर-उंचीच्या खाली:
आधी काय ऐकू आलं ते सांगा.
आवडलं का, ते कुणी विचारलेलं नाही.

मी रबाळ्याला दाबमापकं तपासतो.
शून्यावर काटा टेकतो का, शंभरावर किती सरकतो,
दाखल्यावर आकडा लिहितो, सही ठोकतो.
काट्याला कधी वाईट वाटत नाही.
माझं बोलणंही तसंच होतं.
ओजसला म्हटलं, तुझ्या बासरीवाल्याला फुप्फुसं नाहीत,
बावीस मात्रा झाल्या, श्वास कुठे घ्यायचा त्यानं?
संगणकातल्या बासरीला श्वास लागत नाही, तो म्हणाला
आणि कानांपर्यंत लाल झाला.
पुढच्या वेळी मात्र दर आठ मात्रांनी बारीकशी फट होती,
खिडकी किलकिली करावी तशी.

त्याआधी वर्षभर आम्ही सगळे 'छान' म्हणायचो.
'छान'नं एक माणूस गेलं.
ग्रेस डिमेलो, ठाण्याहून व्हायोलिन घेऊन यायची,
तीन रविवार, तीन 'छान'.
चौथ्याला आली नाही. कळवलं एवढंच:
तुम्ही ऐकत नाही, निरोप देता.

भोईरकाकांचा तुकडा मार्चमधला. नाव 'दुसरी पाळी'.
हार्मोनियम, आणि नातवाच्या कीबोर्डवर खर्ज.
चाळीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस,
बोटं जाड, पण सूर ठेवतात
भरला पेला ठेवावा तसा.
चौथ्या मिनिटाला सगळं थांबतं,
खालचा सा नुसता धरून ठेवलेला.
मी मोजला: बेचाळीस सेकंद.
म्हणालो, काका, इथे ऐकणारा उठून जातो.
हे काढा.
त्यांनी वाणसामान लिहावं तसं वहीत लिहून घेतलं:
'४२ से. काढणे.'

एप्रिलमध्ये काढून आणलं.
तुकडा सुटसुटीत झाला. सगळे तसं म्हणाले. मीही.
कुंदाबाई तेवढ्या गप्प. मग:
मला ऐकू आलं की कुणीतरी बसायला आलं होतं
आणि त्याची खुर्ची उचलली.

काका हसले.
तिथे भोंगा झाल्यावर डबे उघडायचो आम्ही, म्हणाले.
बॉयलर चालूच. कुणी बोलत नसे.
एवढंच होतं. संगीत असं काही नव्हतं तिथे.

पंखा लावला होता, तरी मला घाम.
परत ठेवा, मी घाईनं म्हटलं, होतं तसंच ठेवा.
नाही रे, तुझं खोटं नव्हतं. लांबलंच होतं.
मलाच तिथून उठवेना.

मे महिन्यात तो सा परत आला. अकरा सेकंद.
अगदी शेवटी त्यावर एकच स्वर,
डब्याचं झाकण लागावं तसा.
मी म्हणालो, ऐकू आलं ते सांगतो,
आणि पुढे मला आकडा सापडला नाही.

आमच्या दाखल्यावर एक रकाना असतो:
दुरुस्तीपूर्वीचं वाचन.
काटा सापडला तेव्हा कुठे होता ते आधी लिहायचं,
मगच पेचकस लावायचा.
अठरा वर्षं रोज भरतोय.
काकांच्या वेळी कोरा सोडला होता.

आज माझा नंबर.
दोन मेलोडिका आणि एक डफ, साडेतीन मिनिटं.
दुसरं मिनिट कमजोर आहे, मला ठाऊक आहे,
आधी सांगणार नाही.
ग्रेस परत आलीय, दाराशी बसलीय, व्हायोलिन मांडीवर.
ओजसनं पेन्सिलीचं टोक बघून घेतलं, जरा जास्तच वेळ.
खाली शिवणयंत्राचं पायडल कुरकुरलं नि थांबलं.

पंखा बंद कर रे, काका म्हणाले.