कुतैसी, दालन क्रमांक चार

टिपणात मी लिहिलं होतं :
'सुरीची तिरपी रेघ चित्राला दुभंगते;
रिकामी खुर्ची म्हणजे अनुपस्थिती.'
अनुपस्थितीखाली दोनदा रेघ.

नाझिब्रोला, चौदा वर्षं या दालनाची राखणदार,
विणकाम न थांबवता म्हणाली,
"पाव कापणारा डावखुरा होता.
मूठ कुठे वळलीय बघा. आणि तो चुरा."

चुरा मला दिसलाच नव्हता.
पिवळ्याचे सात-आठ ठिपके,
तळहाताने टेबलाच्या कडेशी ओढून आणलेले,
टाकायचे राहून गेलेले.

म्हणजे खुर्ची नुकतीच सरकलीय.
दार वाजलं असेल,
किंवा चिमण्यांसाठी खिडकी उघडायला
उठला असेल तो, चुरा विसरून.

पाच वाजले. ती दिवे मालवत आली.
घाईघाईत अनुपस्थिती खोडली मी;
खालच्या दोन रेघा तशाच राहिल्या,
टेबलाच्या कडेसारख्या.