हंगामी

जाहिरात तिसऱ्यांदा पाठवली, मीच टाइप केलेली:
संगणकशास्त्र शिक्षक हवा, हंगामी, ईस्टरपर्यंत.
या बंदराला हंगामी माणसं नवी नाहीत.
हेरिंगच्या दिवसांत बायका यायच्या पिंपं भरायला,
बोटांना चिंध्या गुंडाळून,
आणि मासा दक्षिणेला सरकला की त्याही.

आम्हाला मात्र कोणी मिळेना.
पहिल्या खेपेचा एकमेव उमेदवार पगार वाचून गप्प झाला.
दुसऱ्या खेपेला फक्त प्रिंटर विकणाऱ्याचं पत्र.
टेट बाईंचं बाळ थोडंच थांबणार होतं?
चौदा नंबरच्या खोलीत व्यायामाचे मास्तर बसत,
मुलं ‘पासवर्ड जपा’चं पोस्टर रंगवत,
पाच आठवडे, तेच पोस्टर.

मग रोना कोवीचा अर्ज आला.
मधली एकोणीस वर्षं मासळी कारखान्यात,
वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहीत.
शिक्षक म्हणून नोंदणी मात्र चालू, एकही वर्ष न चुकवता.
हेडमास्तर डूथींनी विचारलं, कशासाठी?
म्हणाली, ‘लाइटबिलाबरोबर भरून टाकायचे.’
शाळा का सोडली होती, तेही विचारलं.
‘आवाज बसला होता,’ एवढंच.

नमुना तासाला नेटवर्क झोपलेलं. आमचं नेहमीचंच.
तिनं बाकं भिंतीला लावली, पोरांना ओळीत उभं केलं:
शेजारच्याशी उंची ताडा,
डावीकडचा उंच असेल तर जागा बदला,
टोकाला पोचलात की पुन्हा पहिल्यापासून.
मी दाराच्या काचेतून बघत होते, हातात चहाचा ट्रे.
लांबुडका फर्गस एका फेरीत थेट उजव्या टोकाला.
तिथला बुटका कॅलम
फेरीला एकच जागा डावीकडे,
पुन्हा एकच.
कोणीतरी हसलं.
ती म्हणाली, ‘लहान हळू सरकतात.
दोष त्यांचा नाही, या रीतीचा.
आता याहून बरी रीत कोण सांगतं?’
आणि कॅलमनं, वर्षभरात प्रथमच, हात वर केला.
काय म्हणाला ते काचेपलीकडे ऐकू आलं नाही.
चहा गार झाला, ओतून दिला.

करार छापला. चौदाची किल्ली दिली.
वहीत ‘परत केल्याची तारीख’ असा रकाना आहे,
तो मी मुद्दाम बोटाखाली झाकला होता.
तिनं बोट हलकेच बाजूला केलं,
तारीख लिहिली, पेनानं, ठळक.
मग विचारलं,
कप घरून आणायचा, की इथे असतात?